ट्रामकडची खोली

वस्तादांनी नकाशावर ठोसा मारला तशी टेबलावरची मिठाची बरणी उडून आडवी झाली.

"इथून पळायला सुरुवात," ते म्हणाले. "ह्या बंदरापासून." दुसरा ठोसा. "ते पार इथपर्यंत. वाळूतून. रस्त्यावरून काय, कुत्रीसुद्धा पळतात."

वहिनी ओट्याशी कांदा चिरत होती. मीठ फरशीवर सांडत असल्याचं तिने ऐकलं, पण ती वळली नाही. वस्ताद खुशीत होते. खुशीतले वस्ताद रागातल्या वस्तादांपेक्षा परवडतात असं हॉलमधल्या पोरांचं मत होतं. पण पोरं संध्याकाळी आपापल्या घरी जात. राग निदान जिन्यावरून येताना ऐकू येई. खुशी एकदम अंगावर येई.

घराच्या खालीच त्यांचा बॉक्सिंगचा हॉल होता. तिथून चामड्यावर चामडं आपटल्याचे आवाज येत होते. वहिनीने भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघताच सुरी खाली ठेवली, ओट्याच्या कडेला फरशीतल्या भोकातून वर आलेली जाड दोरी धरली आणि ओढली. खाली, जिन्याखालच्या भिंतीवर, पितळेच्या घंटेचा एकच भरदार टोल पडला. धपाधपी थांबली. राउंड संपली.

ही सोय सासूबाईंच्या काळची, आबा, म्हणजे सासरे, हॉल चालवत तेव्हाची. त्यांना म्हणे सारखा जिना उतरायचा कंटाळा. म्हणून राउंडची घंटा स्वयंपाकघरातून द्यायची. सून आली, तशी दोरी सुनेच्या हातात आली.

टेबलापाशी वस्तादांची तिसऱ्या ठोशासाठी वर गेलेली मूठ अर्ध्या वाटेत सुटली आणि मांडीवर येऊन पडली. क्षणभर ते तोंड उघडून श्वास घेत बसून राहिले. मग पुन्हा नकाशाकडे वाकले.

"आठवडाभरात एक दिवस रिकामा जाता कामा नये. लोक समुद्रावर जातात आणि पसरतात, मासळी सुकत घातल्यासारखे. आपलं तसं नाही. सकाळी पळायचं, मग पोहायचं, त्या खडकापर्यंत आणि परत. दुपारी वल्ही. सायकली भाड्याने मिळतात, ताईला सांगितलंय फोनवर. इकडे ये. इकडे ये म्हणतो ना!"

ती गेली. वस्तादांनी तिच्या मानेवर पंजा ठेवला आणि नाक नकाशाला लागेपर्यंत तिला वाकवलं. प्रेमाने म्हणायलाही हरकत नव्हती. नुसतं वाकवलं होतं.

"हे काय आहे?"

"दीपगृह."

"बरोबर. खडकात बाहेरून पायऱ्या खोदल्यात. कठडा नाही, काही नाही. शेवटच्या दिवशी हे चढायचं. आबांनी आम्हांला नेलं होतं." मग आइस्क्रीमचं दुकान दाखवावं तशा सुरात ते म्हणाले, "इथं आई पडली."

वहिनीला ते माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं. पाय घसरला. सासूबाई बेताच्या अंगाच्या, त्यात भित्र्या. पाय घसरला आणि थेट खाली.

"दम नव्हता अंगात," वस्ताद म्हणाले. "आणि आमचा तो आठवडा राहिला अर्धाच. आबा फार हळहळले. मी तेव्हाच ठरवलं होतं, एकदा पुरा करायचा." पंजा घट्ट झाला. "तुला आधी पोहायला शिकवतो."

"मला पाण्याची भीती वाटते हो."

"मला कसं शिकवलं आबांनी? बोटीतून टाकलं. आलं की नाही?"

"मी बसेन ना काठावर. कपडे सांभाळीन."

हे बोलायला नको होतं, हे तिला बोलता बोलताच कळलं.

पहिली चापट कानावर बसली. कानात शिट्टी वाजायला लागली आणि त्या शिट्टीतून वस्तादांचा आवाज लांबून यायला लागला: काठावर बसायला नेतोय का तुला, काठावर? दुसरी त्यांनी उलट्या हाताने मारली. त्यांच्या बोटातली जुन्या स्पर्धेची अंगठी तिच्या गालावर चिरत गेली. ती मागे फडताळावर आदळली. वरची ताटं खळाखळा कोसळली. त्यांनी तिचे केस मनगटाला गुंडाळले, तिला सरळ केलं आणि पोटात, बरगडीच्या खाली, जिथे मारल्यावर माणूस ओरडूही शकत नाही, तिथे मारलं. ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. त्यांचा धंदाच तो.

ती गुडघ्यांवर आली. वस्तादांची मूठ पुन्हा मागे गेली. तिचा हात ओट्याच्या कडेने सरकत गेला, चाचपडला, आणि त्याला दोरी लागली.

टोल पडला.

मूठ उघडली. दोन्ही हात खाली आले. केस सुटले. वस्ताद दोन पावलं मागे सरले, खुर्चीवर बसले, पाय पसरले आणि तोंड उघडून मोठमोठे श्वास घ्यायला लागले. अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखे ते आपल्या हातांकडे बघत होते.

"भाजी करपतेय," थोड्या वेळाने ते म्हणाले.

लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत, अशाच एका झटापटीत हात चुकून दोरीवर पडला तेव्हा वहिनीला हा शोध लागला होता. चौदा-पंधरा वर्षांचे होते तेव्हापासून वस्तादांच्या अंगात ती घंटा मुरलेली. घंटा झाली की हात खाली, कोपऱ्यात जाऊन बसायचं, तोंडाने श्वास. डोक्याला विचारायची गरजच नाही. पण वहिनी दोरी जपून वापरी. रोज वापरली तर अंगालाही सवय होईल, नाहीतर डोक्याला शंका येईल. हलका मार ती सोसून टाकी; दोरी जड मारासाठी राखून ठेवी. अशा वेळी खालच्या पोरांची राउंड तोकडी होई. का तोकडी झाली, हे वर येऊन विचारायची हिंमत इतक्या वर्षांत एकाही ठोसेबाजाला झाली नव्हती.

समुद्रावर दोरी नव्हती. ताटं गोळा करताना वहिनीच्या डोक्यात तेवढंच होतं. तिथे आठवडाभर, उघड्यावर, दोरीशिवाय.

दुसऱ्या दिवशी पोरांच्या हाताला गुंडाळायच्या धुतलेल्या पट्ट्यांचं गाठोडं घेऊन ती खाली उतरली तेव्हा हॉलच्या मधोमध वस्ताद एका हमालाला धडा देत होते. हमाल नवा होता. बाजारात पोती उचलायचा. खांदे बैलासारखे, चेहरा मात्र कुणीतरी नुकतंच रागावल्यासारखा. त्याच्या समोरचा गडी नाक धरून रिंगच्या दोरखंडाला टेकला होता आणि बोटांमधून रक्त गळत होतं.

"घंटा झाली होती की नव्हती?" वस्तादांनी विचारलं.

"झाली असेल वस्ताद."

"असेल?" ग्लोव्ह न घातलेला हात हमालाच्या पोटात कोपरापर्यंत गेल्यासारखा दिसला. तो वाकला. "असेल? माणूस कोपऱ्याकडे वळला आणि तू मारतोस?"

"मला ऐकू येत नाही मारताना," हमाल खाली बघूनच म्हणाला. "कान बंद होतात."

पोरं हसली.

"कान बंद होतात! अरे, कानाने ऐकतो कोण? अंगाने ऐकायचं! मला बघ. मी मेलो आणि घंटा दिलीत ना, तरी माझे हात खाली येतील. काय रे?"

"येतील की," टॅक्सीवाला म्हणाला. तो वस्तादांचा सगळ्यात जुना चेला. टॅक्सी चालवून उरलेल्या वेळात हॉल सांभाळायचा. त्याने वहिनीच्या हातातून गाठोडं घेतलं. गालावरच्या चिरेकडे त्याची नजर गेली आणि लगेच पट्ट्यांकडे वळली. "वाळल्यात का नीट?" एवढंच त्याने विचारलं.

"वाळल्यात," वहिनी म्हणाली.

नणंदेचं बुकिंगचं ऑफिस एका औषधाच्या दुकानावर होतं. भिंतीवर निळ्या समुद्रांची चित्रं, आणि त्या चित्रांखाली घामाघूम झालेली ती. वस्तादांपेक्षा ती सहा वर्षांनी मोठी. तोंडाने त्यांच्याइतकीच दणकट.

"ये. पंखा त्या खुर्चीवर लागत नाही, पण दुसरी मोडलीय. मोडली म्हणजे, तुझा नवरा गेल्या खेपेला बसला होता तिच्यावर." तिने यंत्रावरून नजर उचलली नाही. "फोनवर मला एवढं सांगितलंय त्याने, मी विचारलं, सहलीला चाललायस का किल्ला घ्यायला? पळायचं, पोहायचं, वल्हवायचं. बायकोला बरोबर नेतोयस का सैन्यात भरती करतोयस?"

वहिनी हसली. डाव्या बाजूचे केस तिने पुढे घेतले होते. हसताना ते हलले.

"खोली तेवढी तू निवड म्हणाला. उदार झाला म्हणायचा. समुद्राकडची देते तुला. खिडकीत बसलं की नुसतं पाणी. लाटा ऐकत झोपायचं."

"ट्रामकडची नाही का एखादी?"

"अगं, ट्रामकडची दिली तर लोक माझ्या नावाने शंख करतात. खिडकीखाली वळण आहे रुळांचं. दर ट्राम घंटा देत जाते. पहाटेपासून टण्, टण्. डोकं उठतं."

"चालेल मला. आवाजात झोप लागते माझी."

नणंदेचा हात यंत्रावरच थांबला. मग तिने खुर्ची वळवली आणि पहिल्यांदाच वहिनीकडे नीट पाहिलं: केसांकडे, मग केसांमागे.

खाली औषधाच्या दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

"सायकलीपण सांगितल्यात ना त्यांनी?" गप्प बसणं अवघड झालं म्हणून वहिनी म्हणाली. "सायकलला घंटी असतेच म्हणा."

"सायकलची चालत नाही," नणंद म्हणाली.

वहिनीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"सायकलची किणकिणते. ती चालत नाही. ताटावर चमचा आपटून चालत नाही. शाळेतली हातघंटा मी चोरून आणली होती एकदा, तीही चालली नाही. उलट जास्त बसले आईला." नणंदेने उठून दार लोटून घेतलं. "जाड पितळ लागतं आणि एकच टोल लागतो. ट्रामचा जवळपास जातो. फरशीला ते भोक पाडलं ना आईने, तेव्हा दिवा धरून मीच उभी होते. आबांना सांगितलं, जिन्याने गुडघे दुखतात."

"मला वाटायचं, मलाच ठाऊक आहे," वहिनी म्हणाली. इतकी वर्षं कुणालाही न दाखवता जपून ठेवलेली एकुलती एक वस्तू आधीच कुणीतरी वापरून ठेवलेली निघावी, तसं तिचं तोंड झालं.

"त्या शहरात आम्ही उतरलो तेही ट्रामकडेच. आईनेच मागून घेतली होती खोली. आबा चिडले होते, झोप होत नाही म्हणून. पण दिवस बरे गेले. सगळ्यांना वाटलं, समुद्राची हवा मानवली."

"मग?"

"दीपगृहाकडे ट्राम जात नाही."

वहिनीने खुर्ची पुढे ओढली.

"मी खाली होते. मला पायऱ्या चढवेनात म्हणून मागे राहिले होते. खालून लांब दिसतं सगळं. आबांचा हात वर होता, एवढं दिसलं. आणि तुझा नवरा त्यांच्या शेजारी उभा होता. त्याने काय बघितलं ते तो जाणे. पाय घसरला, हे आबांनी त्याला उतरताना सांगितलं. खाली येईपर्यंत त्याला पाठ झालं होतं."

"वन्सं, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"मी लग्न करून सुटले," नणंद म्हणाली. "सुटलेल्या माणसाने कोणत्या तोंडाने बोलायचं? आणि तुझ्या गालाला दर वेळी काही ना काही लागलेलंच असायचं: दार, फडताळ, नळ. मी पण म्हणत गेले, सांभाळून गं."

"खोल्या भरल्यात म्हणून सांगितलं तर?"

"तंबू ठोकेल. ओळखतेस ना तू त्याला. तुला बरं नाही म्हणून सांग, तर म्हणेल समुद्रावर बरी होशील. तो आठवडा त्याच्या डोक्यात बसलाय, वहिनी. लहानपणापासून बसलाय." तिने यंत्राकडे वळून दोन-चार बटणं दाबली. "ट्रामकडची दिली तुला. जाण्यायेण्याची तिकिटं दोघांची. पण शेवटच्या दिवसाचं मी काही करू शकत नाही."

यंत्रातून कागद करकरत बाहेर आले. ते घेऊन वहिनी जिना उतरली. मग घरी जाऊन बॅगा भरायला घेतल्या.

निघायच्या आदल्या दिवशी वस्ताद सकाळपासून गात होते. बॅगा दाराशी उभ्या होत्या. वहिनीसाठी त्यांनी स्वतः जाऊन पळायचे बूट आणले होते. एक नंबर मोठे होते, पण मोज्यात कापूस घाल म्हणाले. गालावरून हात फिरवला. चिरेवरून हात फिरल्यावर ती दचकली, तेव्हा हसले.

"घाबरतेस काय? मी आहे ना बरोबर. मी हात धरून नेईन वरपर्यंत."

मग शर्ट काढून ते खाली गेले. प्रवासात अंग आखडतं, त्याआधी मोकळं करून घेतो म्हणाले. ओट्यामागे भिंतीत हवेसाठी जाळी होती; तिच्यातून अर्धी रिंग दिसायची. वहिनी तिथे उभी राहून वाटाणे सोलत होती. खालून वस्तादांची हाक ऐकू आली.

"कुठाय तो बहिरा? ये. आज तुझे कान उघडतो."

हमाल रिंगमध्ये चढला. टॅक्सीवाल्याने वस्तादांपुढे डोक्याचा टोप धरला. त्यांनी तो उडवून लावला.

"ह्याच्यासाठी टोप? आईच्या पोटात असल्यापासून मारतोय मी. घंटा!"

वहिनीने दोरी ओढली.

पुढचा प्रकार सराव म्हणावा असा नव्हता. वस्तादांनी हमालाला आधी हळूहळू उघडला: डोळ्यावर एक, पोटात एक, पुन्हा त्याच डोळ्यावर. हमाल हात वर घेई तेव्हा बरगड्या मोकळ्या होत, खाली घेई तेव्हा तोंड. ओठ फुटला. वस्तादांनी फुटलेल्या ओठावरच मोजून मारलं. "ऐकू येतंय का?" मारलं. "येतंय का आता?" रक्ताची पिचकारी टॅक्सीवाल्याच्या शर्टावर उडाली. भोवतालची पोरं आधी हसत-ओरडत होती, मग हसायची थांबली, मग नुसती बघत राहिली. हमालाचा एक डोळा मिटला. तो दोरखंडावर रेलला, वस्तादांनी त्याला खांद्याने परत आत ढकललं, पडूही दिलं नाही.

आणि मग हमालाचे कान बंद झाले. जाळीतून वहिनीला ते स्पष्ट दिसलं. त्याची मान खाली गेली, खांदे वर आले, आणि तो पोती फेकायला लागला. त्याला समोर काही दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. डावा, उजवा, डावा, उजवा. बहुतेक हवेत जात होते. वस्ताद हसत हसत मान काढून घेत होते, दोन हातांच्या भिंतीमागून. एक ठोसा त्या भिंतीवर बसला तेव्हा त्यांचे पाय जमिनीवरून मागे घसरले. "शाब्बास!" ते ओरडले. त्यांना खरंच आनंद झाला होता.

वहिनीने वाटाण्याची परात बाजूला सरकवली. हात पदराला पुसले. राउंड अजून बरीच बाकी होती. घड्याळ तिच्यासमोरच होतं. ती जाळीतून बघत राहिली. डावा गेला. उजवा मागे गेला, कमरेपाशी, खाली, जिथून पोतं उचलतात तिथून.

तिने दोरी ओढली.

वस्तादांचे हात खाली आले. भिंत पडल्यासारखे, दोन्ही एकदम. त्यांचं तोंड श्वासासाठी उघडलं आणि एक पाऊल कोपऱ्याकडे वळलं.

उघड्या तोंडाचा जबडा मोडतो तेव्हा तो आवाज वरपर्यंत येतो. घंटेचा घुमारा अजून हवेत होता. त्यातच वस्ताद खांबाला डोकं आपटून आडवे झाले.

वहिनी खाली उतरली तेव्हा पोरांनी वाट करून दिली. वस्ताद कुशीवर पडले होते. जबडा एका बाजूला गेला होता, त्यातून रक्त आणि दाताचे तुकडे गळत होते. डोळे उघडे होते आणि त्यांत राग नव्हता. नुसतं आश्चर्य होतं. हमाल गुडघ्यांवर बसून लहान पोरासारखा रडत होता.

"मला ऐकू नाही आली. वहिनी, शप्पथ, मला घंटा ऐकू नाही आली."

"तुझी चूक नाही," वहिनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "घंटा लवकर झाली. माझ्याकडून."

भिंतीवर मोठं घड्याळ होतं, सगळ्यांना दिसत होतं. टॅक्सीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. मग वहिनीच्या गालाकडे पाहिलं, या वेळी नजर न वळवता. शर्टावरचं रक्त पुसत तो म्हणाला,

"वेळेवर झाली, वहिनी."

कुणीतरी खाकरलं. दोघं-तिघं टॅक्सी दाराशी आणायला धावले.

डॉक्टरांनी जबडा तारांनी आवळून टाकला आणि सांगितलं की आता बरेच दिवस पातळ जेवण, पळापळ नाही, पाण्याचं तर नावच नको. खांद्याचं हाडही पडताना सटकलं होतं. वस्तादांना घरी आणून स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत खाटेवर टाकलं. त्यांना बोलता येत नव्हतं. ते डोळ्यांनी बोलत, आणि डोळ्यांत राग परत आला होता.

नणंद आली ती पिशवीत फळं घेऊन आणि नेहमीच्या आवाजात.

"काय रे, तोंड बंद झालं का शेवटी? आईला फार बरं वाटलं असतं." ती खाटेच्या कडेला बसली. वस्तादांच्या घशातून घरघर आली. "बोलू नकोस, तारा निघतील. वहिनी, चहा टाक. तुमच्या तिकिटांचं काय करू? आज निघायचं होतं. रद्द केली तरी ती वायाच."

वहिनीने चहाचं आधण ठेवलं. दाराशी बॅगा होत्या तशाच होत्या. बूट वर ठेवले होते.

"नाव बदलता येतं का?" तिने विचारलं.

"कुणाचं?"

"ह्यांचं."

नणंदेने भावाकडे पाहिलं, मग भावजयीकडे. "आणि कुणाचं घालू?"

"तुमचं. तुम्हांला पायऱ्या चढवत नाहीत ना? मलाही नाही चढायच्या."

खाट करकरली. वस्ताद एका हातावर रेटा देऊन उठून बसले होते. तारांमागून, दातांमागून आवाज येत होता. शब्द नव्हते, पण कळायला अडचण नव्हती. चांगला हात वर गेला. मूठ वळली. नणंद त्या मुठीच्या टप्प्यात बसली होती. तिने मान खांद्यांत ओढून घेतली, पन्नाशी उलटलेल्या बाईने, सहा-सात वर्षांच्या पोरीसारखी.

टोल पडला.

हात पांघरुणावर येऊन पडला. वस्तादांनी नाकाने श्वास ओढला. तोंड उघडत नव्हतं.

नणंदेने चटकन ओट्याकडे पाहिलं. दोरी होती तशी लटकत होती. वहिनीच्या एका हातात चहाचं गाळणं होतं, दुसऱ्यात कप.

"कोण वाजवतंय?"

"हमाल," वहिनी म्हणाली. "कालपासून त्याला खालीच घंटेपाशी बसवलाय. सारखी वाजवून ऐकायची सवय कर म्हटलं. जाळीतून वरचं सगळं खाली ऐकू जातं. टॅक्सीवाले दादा म्हणाले, आम्ही आहोत खाली, तुम्ही जा."

नणंदेने खाटेवरून उठून खुर्ची लांब ओढली आणि बसली. फोन काढला. बराच वेळ ती बोटांनी काहीतरी करत राहिली. खाली पुन्हा धपाधपी सुरू झाली.

"नाव बदललं," ती म्हणाली. "परतीच्या तिकिटाचं?"

"ते मागाहून बघू."

"आणि खोली ट्रामकडचीच राहू दे?"

वहिनीने चहा गाळला. कप नणंदेच्या हातात दिला, दुसरा स्वतः घेतला आणि बॅगेवर टेकली.

"समुद्राकडची आहे का बघा," ती म्हणाली. "मला आवाजात झोप येत नाही."